पाच, दहा की चौदा? इंदूरच्या दोन बहिणी आणि लष्करी नर्सिंगचा रस्ता

रामबागेतलं एक मराठी घर. वडील खासगी कंपनीत हिशेब बघतात, आई शाळेत शिकवते, आजी घरी असते, आणि दोन मुली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही मंडळी माझ्याकडे आली तेव्हा थोरली तेवीस वर्षांची होती. बीएस्सी नर्सिंग झालेलं, राज्य परिषदेची नोंदणी हातात, आणि इंदूरच्याच एका खासगी रुग्णालयात आयसीयूची नोकरी चालू. धाकटी अकरावीत, बायोलॉजी घेऊन. थोरलीला मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, म्हणजे एमएनएसमध्ये जायचं होतं. धाकटीचं म्हणणं, ताई गेली तर मीपण जाणार.

मी नर्सिंग शिकवून निवृत्त झाले आहे. ओळखीपाळखीतल्या मुली फॉर्म भरायच्या आधी येऊन बसतात, काकू म्हणतात, विचारतात आणि जातात. या घराचं प्रकरण मात्र लांबलं, कारण एमएनएसकडे जाणारे दोन्ही रस्ते इथे एकाच छपराखाली उघडे होते आणि घरातल्या प्रत्येकाला त्याची वेगळी धास्ती होती. घरच्यांना विचारून, नावं गाळून ते सविस्तर मांडते आहे. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनच्या मराठी घरांतून नर्सिंगला जाणाऱ्या मुली कमी नाहीत, पण या नोकरीची माहिती त्यांच्यापर्यंत अर्धीमुर्धीच पोचते. भरतीची जाहिरात सगळ्यांना कळते. पुढच्या पंधरा वर्षांचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही.

घरात काय ऐकलेलं होतं

मुलींचे मामा महूला असतात. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. महू इंदूरपासून वीसबावीस किलोमीटर, त्यामुळे छावणी, मिलिटरी हॉस्पिटल, गणवेशातल्या सिस्टर हे सगळं या घराला लहानपणापासून माहीत. मामांनी आजीला कधीतरी सांगितलं होतं की लष्करातल्या सिस्टरला लग्न करता येत नाही, केलं तर नोकरी जाते. आजीनं तेवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं.

मामा खोटं बोलत नव्हते. एके काळी तसा नियम होताच. १९७७ च्या एका लष्करी आदेशात लग्न हे नर्सिंग अधिकाऱ्याला सेवेतून कमी करण्याचं कारण म्हणून नमूद होतं, आणि १९८८ मध्ये एका लेफ्टनंटला त्यावरूनच काढलं गेलं. हा आदेश १९९५ मध्ये मागे घेतला. त्या अधिकारी मात्र पुढे कित्येक वर्षं भांडत राहिल्या. आमची तयारी चालू असतानाच, १४ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उघडउघड मनमानी ठरवला आणि केंद्र सरकारला त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. बातमीचं कात्रण मी आजींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मग विचारलं, "म्हणजे आता चालतं?" चालतं. पदवी घेतलेल्या नर्सना थेट अल्पसेवेत, म्हणजे ठराविक वर्षांच्या सेवेत, घेतात तिथे विवाहित मुलीही अर्ज करू शकतात. बारावीनंतरच्या प्रशिक्षणाला मात्र अविवाहित असावं लागतं.

वडिलांना बदल्यांची काळजी होती. आईच्या डोक्यात जर्मनी. शाळेतल्या सहकारी बाईंची मुलगी भाषा शिकून तिकडे गेली होती आणि तिथल्या पगाराचा आकडा या घरात रोज जेवताना निघत होता. तिसरा पर्याय मी पुढे ठेवला, एम्सच्या नॉरसेट परीक्षेचा. नर्सिंग ऑफिसरचं पद, सातव्या स्तराचं वेतन, मूळ पगार ४४,९०० रुपयांपासून, नोकरी कायमची, आणि भोपाळचं एम्स इथून काही तासांवर. आईवडिलांना तो लगेच पटला.

थोरलीला पटला नाही. तिचं कारण तिनं एका वाक्यात सांगितलं: "काकू, मला पेशंट सोडायचा नाहीये, पण जन्मभर पाच नंबर बेडची सिस्टर म्हणूनही राहायचं नाहीये." खासगी आयसीयूत मुलगी जीव तोडून काम करते आणि राउंडच्या वेळी तिचं मत कोणी विचारत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यामुळे तिचं म्हणणं मला हट्ट वाटला नाही.

ही नोकरी नेमकी काय आहे

२८ मार्च १८८८ ला दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबईला उतरल्या, तिथून हिंदुस्थानातल्या लष्करी नर्सिंगची सुरुवात धरतात. १ ऑक्टोबर १९२६ ला ती लष्कराची कायमची सेवा झाली; आजही १ ऑक्टोबर हाच एमएनएसचा स्थापना दिवस. १९४३ च्या अध्यादेशानं नर्सना कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा दिला. म्हणजे रुजू होणारी मुलगी लेफ्टनंट म्हणून रुजू होते. पुढे कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडिअर, आणि सगळ्यांत वर एक मेजर जनरल. भारतीय सैन्यात मेजर जनरलच्या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री याच सेवेतली: जी. ॲलिस राम, १९७६ मध्ये. बाकीच्या सैन्यात बायकांना कायमच्या कमिशनसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नेमणूक भूदलाच्याच नव्हे तर नौदलाच्या आणि हवाई दलाच्या रुग्णालयांतही होते.

हे सगळं ऐकून मुलींचे डोळे चमकतात. म्हणून दुसरी बाजूही त्याच बैठकीत सांगायची असं मी ठरवलेलं आहे. एमएनएस ही स्वतंत्र सेवा आहे, तिचे नियम वेगळे आहेत. सातव्या वेतन आयोगानं सैन्यातल्या इतर अधिकाऱ्यांचं मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे लष्करी सेवेसाठी मूळ पगारावर मिळणारी रक्कम, महिना १५,५०० ठरवलं, तर नर्सिंग अधिकाऱ्यांचं १०,८००. खांद्यावरचे तारे सारखे दिसले तरी अधिकार नर्सिंगपुरता. या फरकावरून सेवेतल्या बायका नाराज आहेत आणि ती नाराजी मला रास्त वाटते. ज्या मुलीला हे आधी माहीत असतं ती पहिल्याच वर्षी खचत नाही.

दोन दारं

पहिलं दार बारावीनंतरचं. पुण्याचं एएफएमसी हे सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरू अशा सहा ठिकाणी सैन्याची नर्सिंग कॉलेजं आहेत, मिळून २२० जागा. चार वर्षांचं बीएस्सी, शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं, वर विद्यावेतन; बदल्यात सेवेचा करार लिहून द्यायचा. २०२२ पासून यासाठी नीटचे गुण धरतात. त्यावरून निवडलेल्या मुलींची इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्तेची संगणकावरची चाचणी, मग मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. बारावी पहिल्याच प्रयत्नात पास असावी लागते. पदवीनंतर गुणवत्तेप्रमाणे कायम किंवा अल्पसेवा कमिशन. हे दार धाकटीचं.

दुसरं दार पदवीनंतरचं. बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग, कॉलेजला भारतीय नर्सिंग परिषदेची मान्यता, राज्य परिषदेत परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी, वय २१ ते ३५. नुसतं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, चालत नाही. आमच्याकडच्या कित्येक चांगल्या मुली इथेच अडतात, त्यांनी आधी पोस्ट बेसिक करून घ्यावं. या दारानं जाणाऱ्या मुलीला अल्पसेवा कमिशन मिळतं: आधी पाच वर्षं, मग मुदतवाढ मिळत गेली तर जास्तीत जास्त चौदा. हे थोरलीचं.

दोन्ही दारं फक्त मुलींना.

पंधरवड्याची खिडकी

डिसेंबर २०२३ मध्ये नॅशनल टेस्टिंग एजन्सीनं अल्पसेवेसाठी अर्ज मागवले. ११ तारखेला सुरुवात, २६ ला शेवट, आणि परीक्षा १४ जानेवारी २०२४ ला. जाहिरात आली की पंधरा दिवस मिळतात. पण कागदपत्रं धड करायला पंधरा दिवस कुठेच पुरत नाहीत, म्हणून ती जाहिरातीच्या आधी धड असावी लागतात. थोरलीच्या बाबतीत जो घोळ निघाला तो माळव्यातल्या मराठी घरांत हमखास निघतो, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव होतं स्वतःचं आणि आडनाव, एवढंच. वडिलांचं नाव खालच्या ओळीत वेगळं. इथे मध्य प्रदेशात तशीच पद्धत आहे. नर्सिंगच्या नोंदणीचा अर्ज वडिलांनी भरला तेव्हा त्यांनी घरच्या रीतीनं पूर्ण नाव लिहिलं: मुलीचं, वडिलांचं, आडनाव. आधार कार्डावर तिसराच प्रकार, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं. तीन कागद, तीन मुली. सरकारी भरतीत जन्मतारीख आणि नाव दहावीच्या प्रमाणपत्रावरून धरतात, तेव्हा तोच कागद प्रमाण मानून बाकीचे त्याच्याशी जुळवायचे. आधार दुरुस्त व्हायला वेळ लागला नाही. नोंदणीतल्या नावासाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून रीतसर दुरुस्तीचा अर्ज टाकला, आणि तो निकाली निघेपर्यंत त्याची पोच आणि प्रतिज्ञापत्र फायलीत. अर्जात नाव दहावीप्रमाणे भरलं. ही धावपळ नोव्हेंबरात सुरू झाली म्हणून २० डिसेंबरच्या सुमारास फॉर्म शांतपणे भरता आला. शेवटच्या दिवशी सर्व्हर अडकतो तेव्हा नाव कसं लिहायचं याचा खल करत बसायची वेळ येऊ नये.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. शंभर बहुपर्यायी प्रश्न: नर्सिंग, इंग्रजी, सामान्य बुद्धिमत्ता. रोज आयसीयूत काम करणाऱ्या मुलीला नर्सिंगचा भाग जड नव्हता. मात्र प्रसूती आणि सामुदायिक आरोग्य हे विषय हातातून सुटलेले असतात, ते पुन्हा काढावे लागले. इंग्रजीसाठी ती रात्रपाळीनंतर घरी येऊन तासभर वाचायची आणि मग झोपायची.

मामांची तयारी आणि माझी

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मामा महूहून वही घेऊन आले. रेजिमेंटांची नावं, हुद्द्यांच्या खुणा, सेनापतींची नावं. त्यांचा उत्साह मोठा होता आणि त्यातलं बरंच कामाचंही होतं. ज्या सेवेत जायचं तिचे हुद्दे माहीत नसणं शोभत नाही. पण मुलाखत घेणारे समोर एक नर्स बघायला बसलेले असतात. मी तिला वॉर्ड दिला.

"रात्रीचे दोन. तू एकटी. तीन नंबरच्या पेशंटचं सॅच्युरेशन, रक्तातला ऑक्सिजन, ९४ वरून ८४ वर आलंय. सहा नंबरचे आजोबा कॅथेटर ओढत बेडवरून उतरतायत. डॉक्टर फोन उचलत नाहीत. काय करशील?"

तिचं पहिलं उत्तर: "परत फोन लावीन."

हे उत्तर खासगी रुग्णालयानं तिला शिकवलं होतं. तिथे नर्सनं आपल्या मनानं काही केलं तर ओरडा बसतो, त्यामुळे हात आधी फोनकडे जातो. मी तिला तो प्रसंग हातांनी करून दाखवायला लावला. आईच्या पलंगावर धाकटीला पेशंट म्हणून झोपवलं. मग उत्तर हळूहळू बदलत गेलं: वॉर्डबॉयला नावानं हाक मारून सहा नंबरकडे पाठवायचं, बेडचा कठडा वर करायला सांगायचं, तोवर आपण तीन नंबरकडे. आधी चेहरा बघायचा, मग मॉनिटर. प्रोब बोटावरून सुटलाय का, ओठ निळे आहेत का, छाती दोन्हीकडे सारखी हलतेय का. डोकं उंच, घशात स्राव असेल तर सक्शन, ठरवून दिलेल्या मर्यादेत ऑक्सिजन वाढवायचा, वेळ लिहायची. एवढं झालं की फोन, आणि फोनवर रडगाणं नाही: कोण बोलतेय, पेशंट कोण, काय बदललं, मी काय केलं, मला तुमच्याकडून काय हवंय. पहिल्या डॉक्टरनी उचलला नाही तर पुढचा कोण, तेही आधीपासून माहीत हवं.

यामागे कारण आहे. मिलिटरी हॉस्पिटलच्या वॉर्डात हाताखाली जे नर्सिंग असिस्टंट असतात ते आर्मी मेडिकल कोअरचे जवान, बरेचसे तिच्याहून वयानं आणि अनुभवानं मोठे. चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटला त्यांच्याकडून काम करून घ्यायचं असतं, त्यांचा मान राखून आणि स्वतःचा शब्द ठाम ठेवून. हे पुस्तकात सापडत नाही. इथे मामा खरे उपयोगी पडले. नव्या अधिकाऱ्याच्या कोणत्या वागण्यानं जवान मनापासून काम करतो आणि कशानं नुसतं "जी मॅडम" म्हणून उभा राहतो, हे त्यांनी तिला इतकं सुंदर सांगितलं की मी माझे प्रश्न बाजूला ठेवून ऐकत बसले.

वैद्यकीय तपासणीची तयारीही मुली शेवटावर टाकतात. मी तिला डिसेंबरातच रक्त, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, डोळे आणि दात तपासून घ्यायला लावले होते. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास निघालं. दुसऱ्यांचे रिपोर्ट रोज वाचणाऱ्या मुलीनं स्वतःचं रक्त नोकरीला लागल्यापासून एकदाही तपासलं नव्हतं! रात्रपाळ्या, चहा-बिस्किटावर काढलेली दुपार, त्यात दर महिन्याचा जास्तीचा रक्तस्राव. डॉक्टरांना दाखवून औषध सुरू झालं, चहा जेवणापासून दूर केला, आणि प्रत्यक्ष तपासणीपर्यंत आकडा बाराच्या वर गेला. लष्करी तपासणीत अपात्र ठरलं तर अपील करता येतं, पण जे तीन महिन्यांत घरी बरं होऊ शकतं त्यासाठी तिथवर का जायचं?

मोठा कागद

निवड झाल्याचं कळलं त्या आठवड्यात घरात पेढे वाटले गेले आणि आईनं जर्मनीचा विषय सोडला. मी मात्र रुजू होण्याआधी एक बैठक मागून घेतली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं काम तेच होतं.

धाकटीच्या चित्रकलेच्या वहीतला मोठा कागद घेतला. डावीकडे चार वर्षं लिहिली आणि समोर तिचं वय: २०२४ ला २४, २०२९ ला २९, २०३४ ला ३४, २०३८ ला ३८. प्रत्येक वर्षासमोर एकच प्रश्न: त्या वर्षी बाहेर पडावं लागलं तर हातात काय असेल?

२०२९. पाच वर्षं संपली आणि मुदतवाढ मिळाली नाही किंवा घेतली नाही. हातात लष्करी रुग्णालयाचा अनुभव, थोडी बचत. नॉरसेटची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षं, म्हणजे ते दार मिटायच्या बेतात. एमएस्सी करायला वय चांगलं. परदेशही खुलाच.

२०३४. दहा वर्षं. नॉरसेटची सर्वसाधारण वयोमर्यादा ओलांडलेली. म्हणजे इथवर येण्याआधी एमएस्सी झालेली हवी, नाहीतर बाहेर पुन्हा स्टाफ नर्स म्हणूनच उभं राहावं लागेल.

२०३८. चौदा वर्षं, कमाल मुदत. वय अवघं ३८, आणि पेन्शन नाही. सैन्यातल्या अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षांची सेवा लागते. अल्पसेवेवाल्याला ग्रॅच्युइटी मिळते, आयुष्यभराचं निवृत्तिवेतन नाही. हे वाक्य ऐकल्यावर वडील गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, हे आम्हाला आधी कोणीच बोललं नव्हतं." जाहिरातीत लेफ्टनंटचा हुद्दा ठळक असतो. अडतिसाव्या वर्षी, बहुधा एकदोन मुलं शाळेत असताना, घरात दुसरी नोकरी शोधायची वेळ येते ही गोष्ट ज्याची त्यानं काढून बघायची असते.

यावर कोणी म्हणेल, कायम कमिशन मिळेल की. मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण त्या आशेवर आराखडा उभा करायचा नाही, हे मी त्या बैठकीत सुरुवातीलाच सांगितलं. मुदतवाढसुद्धा तिच्या कामाचे अहवाल, तिची वैद्यकीय श्रेणी आणि सेवेची गरज यावर अवलंबून.

मग उजव्या बाजूनं कागद भरायला घेतला, उलट्या क्रमानं. ३८ व्या वर्षी तिला काय व्हायचंय? उत्तर यायला वेळ लागला. शेवटी दोन गोष्टी निघाल्या: नर्सिंग कॉलेजात शिकवणं किंवा मोठ्या रुग्णालयात क्रिटिकल केअरची प्रमुख होणं. दोन्हीला एमएस्सी लागते. प्राध्यापकीच्या वरच्या पायऱ्या तर तिच्याशिवाय चढताच येत नाहीत. म्हणजे एमएस्सी २०३४ च्या आत. त्याआधी, पहिल्या पाच वर्षांत, सेवेतलंच क्रिटिकल केअरचं विशेष प्रशिक्षण मागायचं, कारण एकदा त्या शाखेचा शिक्का बसला की नेमणुका आयसीयूच्या मिळण्याची शक्यता वाढते आणि अनुभव एका दिशेनं साठतो. तीन वर्षं ऑर्थो, दोन वर्षं ओपीडी, एक वर्ष प्रसूती अशी सेवा झाली तर माणूस अनुभवी होतो, पण कुठल्याच गोष्टीतला जाणकार होत नाही. पुढचे हुद्दे ठराविक सेवेनंतर मिळत जातात. त्यांच्यामागे धावण्यापेक्षा शाखा धरणं महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे. वरच्या हुद्द्यांची वाट निवडीची असते आणि अल्पसेवेत तिथवर वेळच पोचत नाही.

पैशाचं वडिलांनी बघितलं. अधिकाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीत, डीएसओपीत, पहिल्या महिन्यापासून किमानपेक्षा जास्त रक्कम टाकायची आणि पहिली पाच वर्षं घराचं कर्ज काढायचं नाही. मुलगी अधिकारी झाली की नातेवाईक सगळ्यात आधी फ्लॅट सुचवतात!

आईनं हट्टानं लग्नाची ओळ घालायला लावली. थोरली चिडली. मला मात्र आई बरोबर वाटली, कारण कागदावर न लिहिल्यानं लग्न टळत नाही, फक्त हिशेबाबाहेर राहतं. एमएस्सीची दोन वर्षं आणि बाळंतपण एकाच खणात आलं तर काय? नवऱ्याची नोकरी इंदूरला आणि हिची उधमपूरला असेल तर? उत्तरं मिळाली नाहीत. प्रश्न पेन्सिलीनं लिहून ठेवले.

धाकटी

या कागदाचा परिणाम धाकटीवर जास्त झाला. तिनं स्वतःच हिशेब केला: बारावीनंतरच्या दारानं गेलं तर कायम कमिशनची शक्यता असते, म्हणजे पेन्शनची, म्हणजे वरच्या हुद्द्यांची. २२० जागा सगळ्या देशासाठी, तरी तिनं नीट मनावर घेतली.

४ मे २०२५ ला तिची परीक्षा होती आणि त्या दुपारी इंदूरवर वादळ आलं. शहरातल्या अनेक केंद्रांत वीज गेली, मुलांनी मेणबत्तीच्या उजेडात पेपर सोडवले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेलं. जूनअखेर याचिकाकर्त्यांसाठी फेरपरीक्षेचा आदेश निघाला आणि जुलैत दोन न्यायमूर्तींच्या पीठानं तो रद्द केला. धाकटीनं याचिका केली नव्हती. तिच्याही खोलीत अंधार झाला होता, पण तिचं स्वतःचं म्हणणं असं की फिजिक्स उजेडातही अवघडच गेलं असतं. एमएनएसच्या यादीत नाव आलं नाही. बारावी मात्र पहिल्या प्रयत्नात, चांगल्या गुणांनी पास.

आता तिच्यापुढे थोरलीचं दार आहे: आधी बीएस्सी, मग अल्पसेवा. इथे कॉलेजची निवड जीव ओतून करावी लागते. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआयनं ३०८ कॉलेजं तपासली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातली १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी आणि ६५ अयोग्य असा अहवाल आला. मे महिन्यात सीबीआयचेच अधिकारी लाचखोरीत पकडले गेले आणि योग्य ठरवलेल्या कॉलेजांचीही फेरतपासणी करावी लागली. यात पिसले गेले ते विद्यार्थी. २०२०-२१ ला प्रवेश घेतलेल्या कित्येकांची पहिल्या वर्षाची परीक्षा तीन तीन वर्षं झाली नाही. हे आठवलं की आजही माझा संताप होतो. त्या मुलींची तीन वर्षं कोणत्या कागदावर भरून काढायची?

म्हणून धाकटीसाठी वडील आणि मी कॉलेजं बघायला स्वतः गेलो. मान्यता त्याच शैक्षणिक वर्षाची आहे का, विद्यापीठाची संलग्नता चालू आहे का, कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का. रुग्णालय आहे म्हणाले की वॉर्डात जाऊन पेशंट मोजायचे. एका ठिकाणी शंभर खाटांचा फलक होता आणि दुपारी अकरा पेशंट. तिथून आम्ही परत फिरलो. शेवटी जिथे खाटा भरलेल्या होत्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुली खरोखर ड्यूटी करताना दिसल्या, तिथे प्रवेश घेतला. फी थोडी जास्त आहे.

सध्या

थोरली एका मोठ्या लष्करी रुग्णालयात आहे. पहिले सहा महिने सर्जिकल वॉर्डात गेले, तेव्हा तिचा फोन आला की आयसीयू मिळत नाही म्हणून जीव जातोय. मी तिला सांगितलं की सर्जिकलमध्ये जखमा आणि ड्रेन नीट शीक, जवानांशी बोलायला शीक, आणि विशेष प्रशिक्षणाची पात्रता कधी पुरी होते त्याची तारीख मेट्रनच्या कार्यालयातून विचारून घे. आता आयसीयूत आली आहे. हाताखालच्या एका ज्येष्ठ नर्सिंग असिस्टंटनं तिला शिरेत सुई घालायची एक युक्ती शिकवली, आणि तिनं त्याला व्हेंटिलेटरचे अलार्म समजावले, असं तिनं मोठ्या आनंदानं सांगितलं.

मुदतवाढीवर घरात अजून एकमत नाही. आईला वाटतं पाच वर्षांत परत यावं, नॉरसेटचं दार किलकिलं असतानाच. थोरली चौदाच्या गोष्टी करते. मी दहाच्या बाजूची आहे, अट एकच, एमएस्सी त्याच्या आत व्हावी. चौतिसाव्या वर्षी पदवी, शाखा आणि दहा वर्षांचा वॉर्ड घेऊन बाहेर पडणारी बाई कुठल्याही रुग्णालयाला हवी असते, आणि शिकवायला गेली तर पुढे निदान पंचवीस वर्षं असतात. निर्णय २०२८ च्या मध्यापर्यंत व्हायला हवा. क्रिटिकल केअरच्या प्रशिक्षणासाठी तिनं नाव दिलं आहे.